उघडून समक्ष पाहिले

पौष शु. ११, शके १८६५

आज दवंडी. लढाईमुळे धान्याची ओढ आहे, सबब ज्याच्या घरात, जमिनीखालच्या पेवात जेवढी ज्वारी असेल ती सरकारला खरी सांगावी. इश्तिहार उर्दूत. चावडीच्या पायरीवर उभा राहून मराठीत मीच समजावला. पटवाऱ्याचं कामच ते. धान्याबद्दल खोटं निवेदन करील त्यास कैद, माल जप्त. त्याखालचं कलम : खोटी कैफियत लिहून पाठवणाऱ्या सरकारी नोकरासही तीच सजा. हे जरा भरभर वाचलं. तरी पाटलांनी ऐकलंच.

"पंत, हे तुमच्यासाठी हाय."

सगळे हसले. मीही हसलो.

गावात पेवं एकतीस. मुदत पाच दिवस. प्रत्येक पेवाचा वेगळा कागद. शेवटचा रकाना : पेव उघडून समक्ष पाहिले काय?

पौष शु. १२

हा रकाना ज्यानं काढला त्यानं आयुष्यात पेव पाहिलेलं नाही. त्याला वाटतं जमिनीत पुरलेली संदूक आहे, झाकण उचललं, पाहिलं, लावलं. तोंडावरची फरशी एकदा काढली, वारं आत शिरलं, की महिन्यात दाण्यात सोंडेकिडे होतात. उघडलेलं पेव उपसावंच लागतं. एकतीस पेवं उघडायची तर गावानं पुढं खायचं काय?

वडिलांच्या वेळेपासूनची रीत बरी. पटवाऱ्यानं दारी जायचं, धन्यानं शपथ घेऊन आकडा सांगायचा, आपण लिहायचा. मराठ्यांची घरं बेलभंडार उचलतात. लिंगायत गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतात. आजवर कोणी खोटं बोललेलं नाही. शेवटच्या रकान्यात 'होय', खाली 'दाणा पांढरा, कोरडा'. वडीलही शपथेवरच लिहीत. त्यांचं अक्षर माझ्याहून बरं नव्हतं.

पौष शु. १३

चौदा घरं आटोपली. शेवटी ओढ्याकाठी शिवलिंगप्पांकडे. लिंगायत, पंचावन्नच्या पुढचे, बोलणं तोलून-मापून. मागच्या चैत्रात भरलेलं पेव, पोती चाळीस. लिंग हातावर घेऊन सांगितलं. आप्पा आणखी काही बोलत होते, पण पाटलांच्या शेतात हुरडा होता, उशीर झालेला. निघालो.

हुरडा कोवळा, लसणाची चटणी, वर ताक. पोटाला तड लागली.

पौष व. १

कागद रवाना. परभणीचे गल्ला अमीन नवीन आलेत, तरुण, धान्याचा सगळा हिशोब त्यांच्याकडे. माझा गठ्ठा चाळून म्हणाले, "लिखावट हो तो ऐसी. बाकी पटवारियों को दिखाऊँगा."

घरी सौ.ला सांगितलं.

"एकतीस पेवं पाच दिवसांत उघडली?"

"उघडली नाहीत. पाहिली."

"न उघडता?"

तुला नाही कळायचं, म्हणालो.

फाल्गुन शु. ३

लिहिणं भाग आहे.

लेव्हीची, म्हणजे सरकारला सक्तीनं घालायची, ज्वारी उचलायचा हुकूम. चुडाव्याच्या स्टेशनावर मालगाडीच्या वाघिणी येऊन उभ्या. सुरुवात ओढ्याकडून. अमीन, दोन शिपाई, गडी, मी, पाटील, अर्धं गाव. आप्पांच्या पेवावरची माती गड्यांनी फावड्यानं खरवडली, फरशी बाजूला केली. आतली वाफ जाऊ दिली, कंदील सोडून पाहिला. मग वास आला. वरची दोन-तीन पोती बरी. खाली सगळी काळी, ढेपा झालेल्या. कुदळीनं फोडायला लागले. अमिनांनी नाकाला रुमाल लावला.

आप्पा काठावर उकिडवे बसले होते. एक ढेप हातात घेतली, कुस्करली, परत आत टाकली.

अमिनांनी बस्त्यातून माझा कागद काढला. मोठ्यानं वाचला. पेव उघडून समक्ष पाहिले, होय. दाणा पांढरा, कोरडा. चाळीस पोती. मग आप्पांना विचारलं, "पूस में सफेद था. बारिश हुई नहीं. फिर ये कहाँ से आया? अच्छा माल किधर बेचा?"

आप्पांची बायको, गौराबाई, दारातनं म्हणाली, "साहेब, आज पयल्यांदा उघडायलोत. इचारा की पंतास्नी."

अमीन माझ्याकडे वळले. सगळंच गाव वळलं.

मी म्हणालो, "कागद माझाच आहे, साहेब."

एवढंच. शब्द खरा आहे. मुद्दाम तसा निवडला. ती निवड करायला मला श्वासभरही वेळ लागला नाही याची जास्त लाज वाटते.

फाल्गुन शु. ४

चावडीवर माझी जबानी. अमिनांनीच मसुदा केला. चांगला माल काळ्या बाजारात विकून सडका भरला, सरकारला खोटं निवेदन केलं, असा आप्पांवर आरोप. माझ्या कागदाशिवाय पुरावा काही नाही. माझ्या कागदाला आणखी पुरावा लागतही नाही. "दुरुस्त आहे" म्हणजे मजकूर बरोबर, असं लिहून सही केली. सही नेहमीसारखीच आली.

आप्पांना परभणीला नेलं. जाताना मला रामराम केला.

फाल्गुन शु. ५

सकाळी गौराबाई आल्या. ओट्यावर बसा म्हटलं, बसल्या नाहीत.

"पंत, तुमी उघडलं न्हवतं. तेवढंच सांगायचं. दुसरं काय मागायलोत आमी?"

"बाई, ते इतकं सोपं नाही."

"आवघड काय हाय त्यात?"

कागद, कलम, रकाना असलं काहीतरी बोललो. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "लिवता येतंय तुमाला. आमाला येत न्हाई. म्हून तुमच्याकडं आले."

आत सौ. उभी होती. सगळं ऐकलं तिनं.

फाल्गुन शु. ८

पाटील आले. दार लावून घेतलं.

"पंत, तोंड उघडायचा इचार करायलाव म्हणं?"

कोणाला बोललो नव्हतो. चेहऱ्यावर दिसत असेल.

"एक पेव उघडलं न्हवतं म्हणलाव की एकतीसची एकतीस खोटी व्हतेत. मंग सगळीच उघडतील. कुणाचं दोन पोती जास्त निघंल, कुणाचं सडकं निघंल. सगळ्या गावाला आत घालतेत का? एका आप्पापायी?"

पाटील गेल्यावर बरं वाटलं, हे लिहून ठेवतो. गप्प बसायला चांगलं कारण मिळालं. आता भित्रा नाही, गावाचा कैवारी. दुपारभर कैवारी होतो. संध्याकाळी सौ.नं भाकरी वाढली तेव्हा पुन्हा भित्रा.

फाल्गुन शु. ११

पौष शु. १३ला जे लिहिलं नाही ते आज लिहितो. ही वही माझीच, इथंही सही बरोबर करून बाकी दडवायचं, म्हणजे कमाल झाली.

आप्पांनी लिंग हातावर घेऊन आकडा सांगितला, लिंग परत गळ्यात घातलं, मग म्हणाले, "पंत, भादव्यात वढ्याचं पाणी पार अंगणात आलतं. मला शंका यायलीय. तुमी हाव तर फरशी काढून बगू. जायना का पेव. सरकारापुढं खोटं नको."

मी म्हणालो, "आप्पा, तुमच्या शब्दावर मी डोळे मिटून लिहितो."

त्यांना तो मान वाटला. हात जोडले. मला हुरड्याला उशीर होत होता.

गड्यांना बोलावून फरशी काढायला तासभर लागला असता. सडका माल पौषातच दिसला असता, कागदावर 'सडका' लिहिला असता, प्रश्नच नव्हता. माणूस स्वतः म्हणत होता की बघा. रीत, वडील, सोंडे, हे सगळं ठीक. पण त्या दिवशी मी रीत पाळत नव्हतो. कणसं भाजायला घातली असतील, एवढंच डोक्यात होतं.

वद्य २

परभणी. हवालातीत आप्पांना भेटलो. पटवारी म्हणून आत सोडलं, नाहीतर सोडत नव्हते. खटल्याचं निमित्त सांगितलं.

खूप वाळलेत. शिपाई म्हणाला, बुढा जेवत नाही. मी त्याच्यावरच चिडलो, काय देता काय खायला? आप्पांनीच थांबवलं.

"त्येंचं कायबी न्हाई पंत. भाकर बरी देतेत. मीच खात न्हाई."

लिंगपूजा केल्याशिवाय त्यांच्यात अन्न घेत नाहीत, ते मला ठाऊक. लिंग काढून घेतलं का, विचारलं.

"गळ्यातच हाय. हातावर घेईना झालोय. ह्याच हातावर ठिवून चाळीस पोती म्हणलो. चांगली कुठं निघाली? खोट्याच्या हातावर त्यास्नी परत कसं ठिवू?"

मठाच्या स्वामींनी निरोप धाडला म्हणून तेवढं दूध घेतात.

मी म्हणालो, "आप्पा, खोटं माझं आहे. तुम्ही उघडा म्हणाला होता."

"तुमचं तुमच्यापाशी. माझ्या तोंडातून गेलं ते माझं. मुन्सिफ इचारतील तवा मी कबूल करणार हाय. म्हणीन, खोटं सांगितलं."

"माल विकला म्हणून कबूल कराल?"

"ते न्हाई. पण खोटं सांगितलं ते सांगितलंच की."

त्यांना यातला फरक कळतो. मुन्सिफांना कळणार नाही. कबूल म्हटलं की सजा. आणि मग माझा कागद कायमचा खरा. कोणी कधी विचारणार नाही. मला ते लगेच लक्षात आलं, तिथं गजाला धरून उभा असतानाच. सुटलो, असं वाटलं. बाहेर येऊन कडुनिंबाखाली बसलो.

वद्य ४

दोन दिवस सौ.पुढं तेच दळण. सांगितलं तर नोकरी जाईल, वतन जाईल, कैद. नाही सांगितलं तर. सांगितलं तर.

आज ती पाखडत होती, सूप खाली ठेवलं.

"बोलायचं असेल तर बोला, नसेल तर नका बोलू. पण माझ्यापुढं विचार करत बसू नका. तुमचा विचार मला ऐकवत नाही."

भाकरी, पिठलं फडक्यात बांधून गौराबाईंकडे गेली. ब्राह्मणाच्या घरचं त्या खाणार नाहीत, म्हणालो. "बघते," म्हणाली. रिकामं फडकं घेऊन आली. खाल्लं की परत केलं, विचारायची छाती झाली नाही.

वद्य ७

परभणीच्या कोर्टात मुन्सिफांपुढं. तपशील विसरायच्या आत लिहितो.

आधी आप्पा. बोलले तसेच बोलले : लिंग हातावर घेऊन सांगितलेलं खोटं निघालं, सजा द्या. मुन्सिफ लिहीत होते. मग माझं नाव पुकारलं. अक्षर तुमचं? जी. सही तुमची? जी. मजकूर दुरुस्त?

मी म्हणालो, नाही. पेव उघडलं नव्हतं. आप्पा उघडा म्हणाले होते, मी उघडलं नाही. न पाहता लिहिलं.

एकदम शांतता वगैरे काही झाली नाही. पंखा ओढणारा ओढत होता. अमिनांचा चेहरा मात्र मला पाहवला नाही. माझे कागद ते दुसऱ्या पटवाऱ्यांना दाखवत होते.

मुन्सिफांनी लेखणी ठेवली. शांतपणे म्हणाले, पौषात लिहून दिलं पाहिलं. फाल्गुनात जबानी दिली दुरुस्त. आज म्हणता पाहिलं नाही. तीनपैकी कोणतं खोटं? आरोपी तुमच्या गावचा. दया आली असेल, कोणी गळ घातली असेल. एकतीस कागद आहेत तुमचे, सगळ्यांवर 'होय'. बाकी तीसही असेच लिहिले?

जी, असेच.

मग त्या तिसांपैकी एखादा तरी येऊन सांगेल, की माझंही पेव उघडलं नव्हतं. आणा. पाडव्यानंतरची तारीख.

मला वाटलं होतं, खरं बोललो की संपलं.

आप्पा जाताना म्हणाले, "पंत, कशाला?" रागानं नव्हे. खरंच विचारत होते.

वद्य ९

घरोघर फिरतोय. नऊ झाली.

"पंत, आसं कसं? तुमी आलताव, उघडलं, बगितलं. माझ्या ध्यानात हाय."

ध्यानात आहे! डोळ्याला डोळा देऊन सांगतात. एकानं तर मी आत वाकून मूठभर दाणे काढले, चावून पाहिले, हेही सांगितलं. त्याच्याकडे मी घोड्यावरून उतरलोसुद्धा नव्हतो. अंगणाबाहेरनं आकडा विचारला होता.

कोणाला दोष देऊ? खरं सांगितलं तर त्याचं पेव उघडणार, कमी-जास्त निघालं तर त्याची कैद. मी जे भिऊन केलं तेच ते करतायत. फक्त त्यांनी मला हुरडा खायला पाठवलं नव्हतं.

वद्य १२

सगळी घरं झाली. पाटलांकडे शेवटी गेलो. त्यांनी चहा दिला, बशीत ओतून, आपुलकीनं.

"पंत, तुमचा कागद खराच हाय. समदं गाव सांगायलंय. तुमी एकटेच खोटं म्हणायलाव."

पाटील थट्टा करत नव्हते. रस्त्यानं येताना क्षणभर मलाच वाटलं, उघडली असतील. इतकी माणसं सांगतात.

अमावास्या

आज सुचलं. इतके दिवस सुचलं नाही हीही लाजच.

एकतिसावं पेव आमचं. घरामागं, गोठ्याच्या पलीकडे. गेल्या चैत्रात भरलं. पौषात त्याचाही कागद मीच केला, खातेदार मी, पाहणारा मी. 'होय. दाणा पांढरा, कोरडा.' शपथ घ्यायलाही कोणी नव्हतं.

जाऊन पाहिलं. फरशीवरच्या लिंपणावर पावसाळ्यात गवत उगवलंय. आता वाळलंय, पण मुळं लिंपणात पक्की, चीरसुद्धा नाही. पौषात फरशी हलली असती तर हे गवत कुठून राहिलं असतं? आंधळ्यालाही पटावं. खुद्द पटवाऱ्यानं स्वतःच्या पेवाचा कागद न पाहता लिहिला, मग दुसऱ्यांचे काय पाहून लिहिले असणार?

अर्ज केला. मुन्सिफांनी किंवा अमिनांनी येऊन समक्ष पाहावं. अर्ज माझ्याविरुद्ध, अक्षर माझंच. नीट वळणदार आलं. सवय जात नाही.

सौ.ला सांगितलं, यात मी आत जाईन. आतली ज्वारीही जप्त होईल.

"कळलं," म्हणाली. बाभळीच्या काट्या आणल्या आणि गवताभोवती कुंपण घातलं. शेजारच्या शेळ्या मोकाट असतात.

चैत्र शु. १, शके १८६६

पाडवा. गुढी उभारली. कोणी आलं नाही. चावडीवरनं गेलो, बोलणं थांबलं. एरवी कडुनिंबाचा पाला आणि गूळ घ्यायला दहा घरी बोलावतात.

दुपारी निरोप आला : अमीन उद्या सकाळी येणार. पंच गावातलेच घेणार. गावातले पंच गवताला गवत म्हणतील का, सांगता येत नाही. आप्पा सुटतील का, आम्ही दोघंही आत बसू का, की माझंही कोणी ऐकणार नाही आणि ते एकटेच जातील, काहीच सांगता येत नाही. आतली ज्वारी कशी आहे तेही ठाऊक नाही.

ऊन उतरल्यावर गौराबाई आल्या. सौ.नं बोलावलं असावं. परसात नेलं. काट्यांच्या बाहेर उभ्या राहून बराच वेळ खाली बघत होत्या. मी समजावू लागलो : हे गवत पावसाळ्यातलं, ही मुळं, यावरून असं सिद्ध होतं की.

"आमच्याबी पेवावर आसंच व्हतं की, पंत," त्या म्हणाल्या. "फावड्यानं खरवडलं तवा तुमी तितंच हुबे व्हताव."

होतो. बघतही होतो.

त्या आत जाऊन सौ.पाशी बसल्या. मी काट्या पुन्हा नीट केल्या. उद्या सकाळी अमीन येतील.